रिंग गेली, मग मोटर का लागली नाही?

रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणजे वाशिम-रिसोडकडच्या शेतकऱ्याचे डोळे थ्री फेज लाईट कधी येते याकडे. ती अनेकदा रात्रीच येते. घरी बसून फोनवरून मोटर चालू करणारा स्टार्टर म्हणूनच मोलाचा. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ने २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत बक्षीस पटकावलं ते याच कामासाठी.

पण अशा डब्यातला मायक्रोकंट्रोलर कधी तरी, फक्त रात्रीच, दगा देत असेल तर? प्रोग्राम कितीही वाचला तरी दोष हाती लागत नाही. तारांवर काय घडलं ते बघावं लागतं, आणि ते दाखवतो लॉजिक ॲनालायझर.

साधा आठ चॅनलचा ॲनालायझर सेकंदाला २ कोटी ४० लाख वेळा प्रत्येक तार तपासतो. दोन तपासण्यांमधल्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम साडेबारा मीटर जातो! मात्र दहा तासांची रात्र अशी साठवली तर ८६४ जीबी माहिती. ती चाळणार कोण? म्हणून त्याला आधीच सांगून ठेवायचं: अमुक घडलं की पकड. हाच ट्रिगर, आणि खरी अक्कल लागते ती इथेच.

फोन आला की स्टार्टरमधलं जीएसएम मॉड्यूल, म्हणजे फोन घेणारा भाग, मायक्रोकंट्रोलरला आर-आय-एन-जी ही अक्षरं पाठवतं. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला, एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा. ‘आर’ म्हणजे ०१०१००१०, पण तारेवर तो उलट्या क्रमाने निघतो, सुरुवातीला शून्य आणि शेवटी एक जोडून. हा नमुना दिसला की पकड, असं सांगता येतं.

त्याहून नामी युक्ती म्हणजे प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला एक रिकामी पिन क्षणभर वर करायची आणि तीच घटना ट्रिगर ठरवायची. मध्यरात्री ती पिन अचानक वर गेली, तर मायक्रोकंट्रोलर रीसेट झाला हे पक्कं. ट्रिगरच्या आधीचा काळही ॲनालायझर दाखवू शकतो, ही त्याची सर्वांत सुंदर गोष्ट! रीसेटच्या काही मिलिसेकंद आधी मोटर चालू करणाऱ्या रिलेची पिन वर गेलेली दिसली, तर पहिला संशय पॉवर सप्लायवर: रिले ओढताना व्होल्टेज पडलं असणार.

पिन हलवल्याने प्रोग्राम रेंगाळत नाही का? १६ मेगाहर्ट्झच्या आर्डुइनो उनोवर थेट पोर्टला लिहिलं तर १२५ नॅनोसेकंद लागतात. ९६०० बॉडला एक अक्षर तारेवरून जायला याच्या आठ हजारपट वेळ जातो.

ट्रिगरची युक्ती इतरत्रही चालते. सोयाबीनच्या गोदामात डीएचटी११ हा आर्द्रतेचा सेन्सर लावलाय? मायक्रोकंट्रोलर त्याची तार किमान १८ मिलिसेकंद खाली धरतो, की सेन्सर ४० बिट पाठवतो. ती लांब खाली गेलेली तार हाच तयार ट्रिगर. पुढे सुमारे २७ मायक्रोसेकंदांचा ठोका म्हणजे शून्य, ७० चा म्हणजे एक.

 

ॲनालायझर जोडताना ग्राउंडची तार सर्वांत आधी. आणि पिना फक्त पाच व्होल्टपर्यंतच्या बाजूला. स्टार्टरच्या ४१५ व्होल्टच्या बाजूला चुकूनही नाही.