जुन्या संगणकपेटीत नवा वीजपुरवठा संच

प्राथमिक शाळेच्या एखाद्या कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेला बंद संगणक हे दृश्य दुर्मीळ नाही. एके दिवशी बटन दाबले, दिवा लागला नाही, पंखा फिरला नाही आणि ‘संगणक गेला’ असा निर्णय झाला. वस्तुतः अशा वेळी संगणकाचे इतर सर्व भाग पुष्कळदा शाबूत असतात. निकामी झालेला असतो तो केवळ त्यांना वीज पुरविणारा संच. तेवढा बदलला म्हणजे तेच यंत्र पुन्हा मुलांच्या उपयोगी पडते. हे काम अवघड नाही. परंतु ते करताना एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. नवा संच जुन्या पेटीत बसला म्हणजे तो त्या संगणकास मानवेलच असे नाही. आकार जुळणे निराळे आणि वीज जुळणे निराळे.

भिंतीवरील सॉकेटमधून येणारी वीज २३० व्होल्टची व प्रत्यावर्ती असते. संगणकाच्या नाजूक भागांना मात्र १२, ५ व ३.३ व्होल्टची दिष्ट वीज लागते. हे रूपांतर करणाऱ्या धातूच्या डब्याला बाजारात ‘एसएमपीएस’ म्हणतात. रूढ रंगयोजनेप्रमाणे त्याच्या पिवळ्या तारेत १२, तांबड्या तारेत ५ व नारिंगी तारेत ३.३ व्होल्ट असतात. काळी तार परतीची होय. हल्लीच्या काही संचांत सर्वच तारा काळ्या असतात, म्हणून केवळ रंगावर विसंबून चालत नाही. हा डबा स्वतः उघडून दुरुस्त करण्याचा मोह टाळावा. त्यातील मोठ्या धारित्रांवर सुमारे ३२५ व्होल्टचा भार असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहतो.

संच बदलण्यापूर्वी दोष तेथेच आहे, याची खात्री करून घ्यावी. सॉकेटमध्ये दुसरे उपकरण चालते का, ते पाहावे. पडद्याची वीजतार बहुधा त्याच जातीची असते. ती लावून पाहावी. संचाच्या मागील बाजूचा लहान स्विच चुकून बंद झालेला नाही ना, हे तपासावे. पुढील बटनापासून मदरबोर्डकडे जाणारी बारीक तार निखळली असेल, तर तेवढ्यानेही संगणक निर्जीव भासतो. मदरबोर्डवरील धारित्रांची डोकी फुगलेली किंवा गळलेली आढळली, तर दोष त्या बोर्डातही असण्याचा संभव आहे. अशा वेळी केवळ नव्या संचावर खर्च करण्यापूर्वी जाणकारास दाखविणे श्रेयस्कर.

यानंतर पेटी कोणत्या काळातील आहे, हे ओळखावे. इ. स. १९८४ मधील ‘एटी’ संगणकापासून रूढ झालेल्या पद्धतीत मदरबोर्डला सहा-सहा पिनांचे दोन कनेक्टर जोडावे लागत. दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी शेजारीशेजारी आल्या पाहिजेत, हा नियम चुकला तर बोर्ड जळण्याची भीती असे. त्या पेट्यांत २३० व्होल्टची वीज थेट पुढील बटनापर्यंत आणलेली असे. असा संगणक शाळेत उरला असेल, तर तो न जोडता केवळ मुलांना दाखविण्यासाठी ठेवावा. इ. स. १९९५ मध्ये ‘एटीएक्स’ ही पद्धत आली. तिच्यात पुढील बटनाला अल्प दाबाची वीज असते आणि मदरबोर्डचा मुख्य कनेक्टर एकच असतो. याच पद्धतीच्या पेट्या आजही बनतात, म्हणूनच वीस वर्षांपूर्वीच्या पेटीत आजचा संच बसू शकतो.

एटीएक्स संचाची मागील बाजू १५० मिलिमीटर रुंद व ८६ मिलिमीटर उंच असते. खोली सामान्यतः १४० मिलिमीटर असते. पण अधिक शक्तीचे संच याहून लांब असतात. जुन्या पेटीत संच वरच्या बाजूस आणि त्याच्यासमोरच सीडी ड्राइव्ह असतो. म्हणून मागील पत्र्यापासून ड्राइव्हपर्यंतचे अंतर मोजावे आणि तारांना वळण्यापुरती जागा सोडूनच संच निवडावा. नव्या संचाचा मोठा पंखा तळाशी असतो. जुन्या पेटीतील आधाराची पट्टी त्याखाली आडवी येऊन हवा अडवीत नाही ना, हेही पाहावे. कार्यालयीन वापराच्या अरुंद पेट्यांतील संच निराळ्या मापाचे असतात, आणि काही उत्पादकांनी तर कनेक्टरचा आकार तोच ठेवून तारांचा क्रम बदललेला आढळतो. अशा यंत्रासाठी त्याच नमुन्याचाच संच घ्यावा.

आकार जुळल्यावर कनेक्टरांकडे वळावे. जुन्या मदरबोर्डचा मुख्य कनेक्टर २० पिनांचा, तर नंतरच्यांचा २४ पिनांचा असतो. अनेक नव्या संचांत २० व ४ असे दोन सुटे होणारे भाग असतात. जुन्या बोर्डावर २० चा भाग लावून ४ चा मोकळा ठेवावा. येथेच मोठी चूक घडते. हा मोकळा भाग प्रोसेसरजवळील चार पिनांच्या जागेसारखाच दिसतो. परंतु त्यात १२, ३.३ व ५ व्होल्टची प्रत्येकी एक आणि परतीची एक तार असते. प्रोसेसरच्या कनेक्टरमध्ये दोन तारा १२ व्होल्टच्या व दोन परतीच्या असतात. पिनांच्या कडांचे आकार भिन्न असल्यामुळे तो सहज आत जात नाही, पण जोर केला तर जाऊ शकतो. जो कनेक्टर हलक्या दाबाने बसत नाही, तो चुकीचा समजावा. जुन्या हार्ड डिस्कला चार पिनांचा रुंद कनेक्टर लागतो. तोही नव्या संचात आहे, याची दुकानातच खात्री करावी. सुट्या तारांचा संच असेल, तर पूर्वीच्या संचाच्या तारा नव्यास कदापि लावू नयेत; टोके सारखी दिसली तरी आतील क्रम निराळा असू शकतो.

आता भाराचा विचार. शाळेतील साध्या संगणकाला चालताना बहुधा दीडशे वॅटहून कमी वीज लागते. त्यामुळे मोठ्या आकड्याच्या मागे लागण्याचे कारण नाही. मात्र एकूण वॅट पाहून भागत नाही. इ. स. २००० च्या आसपासचे अनेक मदरबोर्ड प्रोसेसरसाठी ५ व्होल्टची वीज घेत. आजचे संच आपली बहुतेक शक्ती १२ व्होल्टवर देतात. जुन्या व नव्या संचावरील पट्ट्या शेजारी ठेवून ५ व्होल्टसमोरील अँपिअरचा आकडा ताडून पाहावा.

प्रत्यक्ष काम करताना प्रथम प्लग काढावा व पुढील बटन काही क्षण दाबून धरावे. पेटी आडवी करून तारांचे छायाचित्र घ्यावे किंवा वहीत आकृती काढावी. मागील चार स्क्रू सोडविताना शेवटच्या स्क्रूच्या वेळी एका हाताने संच धरावा, नाहीतर तो प्रोसेसरवर आदळतो. नवा संच त्याच चार स्क्रूंनी घट्ट बसवावा आणि कोणतीही तार पंख्याच्या पात्यांत जाणार नाही, अशी बांधावी. संचावर ११५ व २३० असा तांबडा स्विच असेल, तर तो २३० वरच असल्याची खात्री करूनच प्लग लावावा.

संगणक सुरू झाला म्हणजे काम संपले असे नव्हे. संचातील गाळणीमुळे वीजेचा अत्यल्प अंश पेटीच्या पत्र्यावर येतो आणि अर्थिंगच्या तारेने जमिनीत जातो. अर्थिंग नसेल, तर तोच अंश पेटीला हात लावणाऱ्या मुलाला हलका झटका देतो. पुढे संचात बिघाड झाला, तर हा झटका हलका राहीलच असे नाही. तिसरी पिन तोडलेला किंवा दोन पिनांच्या सॉकेटला जोडलेला प्लग वर्गात चालू देऊ नये. अर्थिंगची तपासणी वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावी.

जुना संच भंगारात टाकण्यापूर्वी जडवस्तुसंग्रह नोंदवहीत बदलाची नोंद करावी व तो इ. स. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार अधिकृत संकलनाकडे द्यावा. मोजमाप, पट्टीवरील आकड्यांची तुलना आणि कनेक्टरांची ओळख ही कामे शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांसमोर करावीत. जोडणी मात्र स्वतः करावी. बंद पडलेले यंत्र विचारपूर्वक तपासले म्हणजे पुन्हा चालते, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले, तर त्या संगणकाचा पहिला पाठ तेथेच झाला असे म्हणता येईल.