तालमीतला फुटबॉल

हं, तर मंडळी, गेल्या रविवारी कळव्यात आमची मॅच रद्द झाली. अकराजण जमलेच नाहीत! टीम दोन वर्षांची, आणि आता बहुतेक संपलीच. तेव्हापासून डोक्यात कोल्हापूर घोळतंय.

तिथल्या क्लबांची नावं ऐका: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. फुटबॉल आला तो याच तालमींच्या नावानं. त्यामुळे माणसं, वर्गणी, पेठेचा अभिमान, सगळं आधीच तयार होतं. शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग चालते; मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ असली की गॅलरी भरते. (भांडणंही होतात, लपवायचं कशाला?) २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

इंग्लंडमध्ये तरी वेगळं काय झालं? १८५७ मध्ये शेफील्ड एफसी काढला तो तिथल्या क्रिकेट क्लबातल्याच दोघांनी. आजही तो खालच्या लीगमध्ये खेळतोय.

आमच्या मागे काय होतं, तर एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. आता खारेगावातल्या एका क्रिकेट मंडळाला विचारलंय, तुमच्या नावानं खेळू का? शनिवारी सांगतो म्हणालेत.