पंचेचाळीस ओहम

सरळ पट्ट्यावर सगळ्यांच्या गाड्या सारख्याच सुसाट पळत होत्या. एकच गाडी वळणाच्या तोंडाशी क्षणभर दबायची, शेपूट न हलवता आत शिरायची आणि बाहेर पडताना सगळ्यांच्या पुढे असायची. हॅम्पशायरमधल्या एका गावाच्या सभागृहात स्लॉट कारच्या शर्यती चालतात. खऱ्या गाडीच्या एकबत्तिसांश आकाराच्या या गाड्या खाचेत खुंटी अडकवून धावतात. त्या दबणाऱ्या गाडीत खास मोटर असणार, असं मला वाटलं. तिच्या मालकांनी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी, मान हलवली आणि हातातला कंट्रोलर माझ्यापुढे धरला. "गाडी काय बघतोस? हे बघ."

या खेळाचं हे माहेरच. फ्रेड फ्रान्सिस यांनी 1957 साली स्केलेक्स्ट्रिक हे स्लॉट कारचे संच बाजारात आणले, तेव्हा त्यांचा कारखाना इथल्या हॅवंट गावात होता.

सभागृहाच्या कोपऱ्यात या गृहस्थांचं टेबल असतं. क्लबातले लोक आपापले कंट्रोलर घेऊन येतात. हे गृहस्थ हातात आलेला कंट्रोलर आधी नाकाशी नेतात, स्क्रू मग काढतात. तापून करपलेल्या तारेचा तो कडवट वास मला पुढे घरीही अधूनमधून आठवत राहिला. वास आला म्हणजे मोटर आणि कंट्रोलर यांचं जमत नाही, एवढं निदान झाकण उघडण्याआधीच झालेलं असतं.

आत पाहण्यासारखं फार नसतं. चिनी मातीच्या तुकड्यावर तार गुंडाळलेला रेझिस्टर, त्यावरून सरकणारी ट्रिगरची पट्टी आणि तीन तारा. ट्रिगर जेवढा दाबाल तेवढी कमी तार वाटेत येते आणि गाडीला जास्त वीज मिळते. वाटेतल्या अडथळ्यात किती व्होल्ट खर्ची पडतात, हे मात्र मोटर किती करंट ओढते यावर ठरतं. त्यामुळे एका गाडीला गुणाचा असलेला कंट्रोलर दुसरीला नुसता बटणासारखा वागतो: एकतर बंद, नाहीतर उधळलेली.

त्या संध्याकाळी बारा-तेरा वर्षांची एक मुलगी हीच तक्रार घेऊन आली. गाडीला खाली चिकटवून ठेवणारं चुंबक तिने काढून टाकलं होतं, कारण क्लबचा नियमच तसा. चुंबकासह तिचा पंचवीस ओहमचा कंट्रोलर चालून जायचा. आता गाडी जरा दाबली की खाचेबाहेर. "पंचेचाळीस," ते म्हणाले. रेझिस्टर बदलला, तारांना डाख दिला, झाकण लावलं.

तिच्यामागे उभ्या माणसाचा कंट्रोलर पंचेचाळीसचाच होता आणि वास त्यालाच येत होता. मोटर तहानलेली, तार बारीक. इथे रेझिस्टर न बदलता त्यांनी त्याच्या दोन टोकांना नव्वद ओहमचा दुसरा, पाच वॅटचा रेझिस्टर समांतर जोडला. "पंचेचाळीस आणि नव्वद मिळून तीस. करंट वाटला गेला, वास गेला."

पण त्यांचा खरा जीव अडकलाय तो तिसऱ्या तारेत. जुन्या साध्या संचातल्या दोन तारांच्या कंट्रोलरला ब्रेक नसतोच; ट्रिगर सोडला की गाडी आपली घरंगळत राहते. तिसरी तार असली, की ट्रिगर सोडताच पुरवठा तुटतो आणि मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात. फिरती मोटर त्या क्षणी जनित्र होते आणि तिनेच तयार केलेली वीज तिला अडवते. या वाटेत जरासाही अडथळा आला तर ब्रेक ढिला पडतो. म्हणून ते आधी काळवंडलेला संपर्क घासतात, मग बारीक तारेऐवजी जाड, लवचिक तार घालतात. एवढं करून वर त्याच तारेत फिरवायची खुंटी असलेला, काही ओहमचा बदलता रेझिस्टर बसवतात. आधी अडथळा काढायचा आणि नंतर मुद्दाम घालायचा, हे मला विचित्र वाटलं. "आधीचा मळाचा होता," ते म्हणाले, "हा त्या मुलीचा."

मुलीने पहिली फेरी पूर्ण ब्रेकवर मारली. वळणाआधी मागची चाकं एकदम अडली, गाडी फिरली. ती खुंटी फिरवून घ्यायला त्यांच्याकडे आली. त्यांनी हात लावला नाही. तिने स्वतःच थोडी थोडी ढिली करत नेली, आणि मग गाडी वळणात दबून शिरू लागली.

शेजारी एकाकडे ट्रान्झिस्टरचा महागडा कंट्रोलर होता. मोटर कोणतीही असो, तो व्होल्ट जवळपास सारखे राखतो. आमचे गृहस्थ त्याला "आळशाचा डबा" म्हणतात. मला हे बोलणं पटलं नाही. मोजून पाहिलं तर तो डबाच सरस आहे, आणि त्यांनाही ते ठाऊक असावं. पण शिकणाऱ्याला मी पंचेचाळीस ओहमचाच द्यायला सांगेन. डब्यात चूक झाकली जाते. इथे ती आधी बोटाला कळते, आणि बोटाने दुर्लक्ष केलं तर नाकाला.