भीमा नदीतील होड्यांचे छायाचित्रण : स्थानिक अभ्यासाचे एक साधन

प्रस्तावना :
होडीचे छायाचित्र म्हटले की मावळता सूर्य आणि त्यापुढील काळी आकृती डोळ्यांसमोर येते. असे चित्र मनोहर असते. परंतु होडी लाकडी की पत्र्याची, तीत किती माणसे होती, ती पाण्यात किती बुडाली होती, हे त्यावरून कळत नाही. सोलापूर-विजयपूर महामार्ग मंद्रूपच्या पुढे टाकळीजवळ भीमा नदी पुलावरून ओलांडतो. जेथे पूल होतो तेथे उतारूंची होडी मागे पडते. म्हणून होडीचे छायाचित्र अभ्यासाचे साधन कसे ठरेल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अभ्यासक्षेत्र :
सोलापूर जिल्ह्यात होड्यांची दोन भिन्न रूपे आढळतात. पंढरपूर येथे चंद्रभागेत भाविकांना नेणाऱ्या होड्या आहेत. तर १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात मासेमारीच्या व प्रवासी होड्या चालतात. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. या घटनेने जलप्रवासाच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आणला. होडीतील भार, पाण्यापासून काठापर्यंतची उंची आणि जीवरक्षक जाकिटे या बाबी योग्य छायाचित्रात स्पष्ट दिसू शकतात.

छायाचित्रणाची पद्धती :
१) कोन : एक छायाचित्र पाण्यालगत बसून होडीच्या बरोबर बाजूने घ्यावे. त्यात नाळेपासून सुकाणूपर्यंतचा आकार व पाण्याची रेषा येते. दुसरे घाटाच्या वरच्या पायरीवरून घ्यावे. त्यात अंतर्भाग व बैठक दिसते.

२) प्रकाश : पंढरपूरचे घाट पूर्वाभिमुख असल्याने सकाळी सूर्य समोर येतो आणि होडी काळवंडते. तेथे दुपारनंतरचा प्रकाश अनुकूल ठरतो. चकाकत्या पाण्यामुळे कॅमेरा दृश्य अधिक उजळ समजून होडी काळी टिपतो; त्यामुळे प्रकाशमापन होडीवरून करावे.

३) परावर्तन : पोलरायझिंग फिल्टरमुळे पाण्यावरील चकाकी कमी होते. पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांच्या कोनातून पाहिल्यास हा परिणाम सर्वाधिक असतो. म्हणून वरच्या पायरीवरील छायाचित्रास तो विशेष उपयुक्त आहे.

४) गती : चालती होडी स्पष्ट टिपण्यासाठी शटरचा वेग साधारणतः १/५०० सेकंद ठेवावा.

नोंदीचे महत्त्व :
उजनीची पातळी ऋतूनुसार मोठ्या प्रमाणात बदलते. पाणी ओसरले की पळसदेवचे पाण्याखालील प्राचीन मंदिर उघडे पडते. त्यामुळे एकाच ठिकाणची ऑक्टोबर व मे महिन्यांतील छायाचित्रे दोन वेगळ्या जागांची वाटतात. तारीख, वेळ, स्थळ, होडीचा प्रकार व उपयोग यांची नोंद नसल्यास छायाचित्राचे प्रमाणमूल्य घटते. तसेच नावाड्याची संमती घेणे आणि होडीच्या भागांसाठी तो वापरतो तेच शब्द टिपणे आवश्यक आहे. हे शब्द कॅमेऱ्यात येत नाहीत.

निष्कर्ष :
होडीचे छायाचित्र सुंदर असण्याबरोबरच माहितीपूर्ण असावे. इतिहास, भूगोल व मराठी या विभागांनी एकत्रितपणे विद्यार्थ्यांकडून दरवर्षी ठरावीक ठिकाणांचे असे छायाचित्रण करून घेतल्यास भीमाकाठच्या जलजीवनाचा विश्वसनीय दस्तऐवज महाविद्यालयाच्या ग्रंथालयात उभा राहू शकेल. पूल झाल्यानंतर हे काम करू म्हटल्यास होडीच शिल्लक नसेल.