तेल घालणारी बाहुली

घरात दिवे कुठे लावायचे, हा प्रश्न हल्ली फॉल्स सीलिंगवाला सोडवतो. छताला बारा भोकं पाडतो, बारा पांढरेफट्ट दिवे बसवतो आणि बिल देऊन जातो. मध्य प्रदेशात धार-देवासकडे एक चक्कर मारून आलं, की घरी परतल्यावर त्या बारा भोकांकडे बघवत नाही.

धारला हजार वर्षांपूर्वी परमार घराण्यातल्या भोजराजाचं राज्य होतं. ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्रावरचा ८३ अध्यायांचा ग्रंथ त्याच्याच नावावर आहे. नगरं, वाडे, घरं यांच्या जोडीला त्यात एक आख्खा अध्याय यंत्रांचा. आणि त्या यंत्रांत एक बाहुली! दिव्यातलं तेल कमी झालं की तालावर नाचत येऊन तेल घालणारी. आपलं स्मार्ट होम टाळी वाजवली की दिवा लावतं. नाचत मात्र नाही. हा ग्रंथ छापून आला १९२४-२५ साली, बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये. परमारांच्या दिव्याला मराठी संस्थानाचं तेल!

छताला भोकंच पाडायची, तर ती कशी, ते धार जिल्ह्यातल्या मांडूत बघावं. तिथल्या शाही हमामाच्या घुमटाकार छतात चांदण्यांच्या आकाराची छिद्रं आहेत. भर दुपारी आत उभं राहिलं की डोक्यावर तारांगण. वायर नाही, होल्डर नाही. थोड्या अंतरावर सुलतान होशंगशाहचा संगमरवरी मकबरा. तिथे दगडी जाळी उन्हाला गाळून घेते आणि आत येतो तो नुसता मवाळ उजेड. शहाजहानच्या दरबारचे स्थपती १६५९ मध्ये इथे येऊन गेल्याचा लेख दारावर आहे. आपल्याला एवढा खटाटोप नको. पश्चिमेच्या खिडकीला एक जाळीचा पडदा पुरे.

१६१७ साली जहांगीर मांडूत मुक्कामाला होता. शब-ए-बारातच्या रात्री नूरजहानच्या महालात मेजवानी झाली आणि भोवतालच्या तलावांच्या काठाने कंदील नि दिवे लावले. निम्मी रोषणाई पाण्याने फुकटात करून दिली. फ्लॅटमध्ये तलाव कुठून आणणार? आरसा आणा. दिव्याच्या बाजूच्या भिंतीवर टांगा, समोर सोफा असेल तर मात्र नको. पाहुणे डोळे मिचकावत बसतात.

आता देवास. एकाच गावात पवारांची दोन संस्थानं, थोरली पाती आणि धाकटी पाती. १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांकडे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर खासगी चिटणीस म्हणून आला. लिहिण्या-वाचण्याचं काम मिळेल असं त्याला वाटलं असणार. गळ्यात पडल्या बागा, टेनिस कोर्टं, मोटारी, पाहुणेघर आणि चक्क वीजघर. पुढे ‘अ पॅसेज टू इंडिया’ लिहिणाऱ्या माणसाने दिव्यांचीही चिंता वाहिली आहे, हे फ्यूज उडाल्यावर आठवलं तर बरं वाटतं.

दिव्याच्या शेडसाठी धार जिल्ह्यातल्याच बाग गावची ठशांची छपाई झकास. लाल-काळी नक्षी, मागून उजेड आला की लाल रंग निखाऱ्यासारखा फुलतो. आत ९ वॅटचा एलईडी घाला, जुन्या ६० वॅटच्या बल्बएवढा उजेड देतो आणि कापड करपत नाही. खोक्यावर २७०० केल्विन लिहिलंय ना, ते बघून घ्या. ६५०० वाला आणलात तर बाग नाही, बँकेचा काउंटर दिसेल.

धारला शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांचा स्टुडिओ आहे. गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा त्यांचाच. मूर्तीला उजेड बाजूने हवा, हे अशा ठिकाणी न सांगता कळतं. आपण गणपतीवर समोरून फोकस मारतो, मग सोंड आणि पोट एकाच पातळीवर येऊन बसतात. फोकस बंद करा, समई जरा डावीकडे सरकवा. सोंड पुन्हा वळते.