देवळावर सोलर? आधी कागद बघा, मग शिडी लावा

पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे छोटं गाव २०२४ साली राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झालं. तेव्हापासून सातारा-सांगलीकडच्या पारावर एक विषय हमखास निघतो. घरांवर प्लेटा बसतात, मग ग्रामदैवतानंच काय पाप केलंय? यात्रा कमिटीच्या बैठकीत लाईट बिल वाचून दाखवलं की कुणीतरी म्हणतंच, "देवळावर सोलर टाकून मोकळं व्हा की!"

विचार वाईट नाही. पण तुमचं देऊळ चाळीस वर्षांपूर्वीच्या स्लॅबचं असेल तर गोष्ट वेगळी आणि दगडात, चुन्यात बांधलेलं असेल तर वेगळी. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत दुसऱ्या प्रकारची देवळं जागोजाग आहेत. संगम माहुलीचं विश्वेश्वर मंदिर १७३५ चं, वाईचा ढोल्या गणपती १७६२ चा, तासगावच्या गणपतीचं सात मजली गोपूर परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधवलेलं. असल्या जुन्या बांधकामात ड्रिल मारून बोल्ट ठोकला की चुन्याचा सांधा हलतो आणि पहिल्याच पावसात ठिबक सुरू होते. मग ती बंद करायला कुणीतरी वरून सिमेंट थापतो. सिमेंट ओल कोंडून ठेवतं आणि दगड आतून सुटत जातो. वाचलेल्या लाईट बिलापेक्षा दुरुस्ती महाग पडते.

म्हणून पहिला प्रश्न कायद्याचा. देऊळ संरक्षित आहे का? केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे असेल तर १९५८ चा कायदा लागू होतो. २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. राज्य संरक्षित असेल तर १९६० चा राज्याचा कायदा आणि राज्य पुरातत्त्व संचालनालयाची परवानगी. 'प्लेटा म्हणजे काय बांधकाम हाय व्हय?' असा वाद घालत बसू नका. लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या. ग्रामसभेचा ठराव जोडला तरी तो या परवानगीची जागा घेत नाही, हे ग्रामसेवकांनी आणि सरपंचांनी ध्यानात ठेवावं.

संरक्षित नसलं तरी देऊळ कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. सांगली जिल्ह्यातली अनेक देवळं पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहेत. तिथं गावच्या कमिटीचा ठराव म्हणजे फक्त विनंती, निर्णय समितीचा. सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय कार्यालय आलं. न्यासासाठी कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. 'छत आम्हाला पंचवीस वर्षं द्या, वीज स्वस्तात देतो' म्हणणाऱ्या कंपन्या आता गावोगाव फिरतात. न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तरी हीच परवानगी लागते, त्याआधी सही करू नका. देवाच्या शेतात प्लेटा उभ्या करायच्या असतील तर सातबारा उघडा. देवस्थान इनाम वर्ग-३ असं लिहिलेली जमीन परस्पर कुणाला देता येत नाही.

आता पैशाचं. 'पीएम सूर्यघर'मधून ७८ हजार मिळतात असं एजंट सांगतो. ती योजना राहत्या घरांसाठी आणि गृहनिर्माण संस्थांसाठी आहे, देवस्थानानं ती रक्कम हिशेबात धरू नये. खासदार निधी धार्मिक स्थळाच्या आत किंवा त्याच्या जागेवर खर्च करता येत नाही. देवस्थान 'क' वर्ग तीर्थक्षेत्रात असेल तर भाविकांच्या सोयींसाठी जिल्हा नियोजनातून निधी मिळू शकतो. प्रस्ताव 'देवळाला सोलर' असा न करता आवारातले दिवे, पाणी आणि भक्तनिवास यांचा करा. बाकी उरते ती वर्गणी आणि यात्रेची शिल्लक.

खर्च मात्र योग्य जागी करा. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि रोज सरासरी चार युनिट मिळतात. माण, खटाव, जत, आटपाडीकडं ऊन भरपूर. महाबळेश्वर-पाटणच्या घाटाकडं पावसाळ्यात फार अपेक्षा नको. फक्त पूजेपुरत्या जागेला वीजदर घरगुती लागतो, तर भाड्यानं दिलेल्या मंगल कार्यालयाला व्यापारी, म्हणजे महाग. कार्यालयातला वापरही दिवसाचा. तेव्हा प्लेटा कार्यालयाच्या स्लॅबवर टाका. फायदा जास्त, शिखराला धक्का नाही. गुजरातेत मोढेरा गाव २०२२ साली सौर झालं, हजार वर्षांपूर्वीचं तिथलं सूर्यमंदिरही सौर विजेवर उजळतं, पण मोठा प्रकल्प उभा राहिला शेजारच्या सुज्जनपुऱ्यात. इंग्लंडात ग्लॉस्टरच्या जुन्या चर्चवर २०१६ साली १५० प्लेटा चढल्या, त्याही छपराच्या कठड्याआड, खालून नजरेस न येतील अशा.

आणि महिन्याचं बिल पाचसहाशेच येत असेल तर सोलर कशाला? आधी हॅलोजन काढून एलईडी लावा, त्यात निम्मं काम होतं.

एवढं सगळं जमलं तरी एक गोष्ट राहते. देवळाचं मीटर कुणाच्या नावावर आहे ते बघा. ज्या पुजाऱ्याच्या नावावर आहे तो वारून वीस वर्षं झाली असतील, विश्वस्तांची नावंही धर्मादायच्या दप्तरी जुनीच असतील. आधी तिकडं बदल अर्ज द्या, मग महावितरणच्या उपविभागात मीटरचं नाव बदलून घ्या. नेट मीटरचा अर्ज त्यानंतर.