गिअरबॉक्सवरचे किटण

जुन्या मोटारीतून बाहेर काढलेला गिअरबॉक्स तुम्ही पाहिला आहे का? नसेल, तर घरातली जुनी कढई उलटी करून पाहा. बुडाशी जे काळे, टणक किटण दिसते, त्याचेच हे भावंड. सांध्यांतून पाझरलेले तेल, रस्त्यावरची धूळ आणि उष्णता यांनी मिळून ते वर्षानुवर्षे घडवलेले असते.

ताज्या तेलाचा डाग रॉकेलच्या बोळ्याने चटकन निघतो, कारण दोन्ही हायड्रोकार्बनेच. मग किटणच का हटून बसते? तापलेल्या तेलाच्या रेणूंशी हवेतला ऑक्सिजन संयोग पावतो, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचे जाळे बनते. या क्रियेला बहुवारिकीकरण म्हणतात. हे जाळे रॉकेलात विरघळत नाही. फार तर थोडे फुगते. पण आपल्याला तेवढे पुरते. रॉकेलात भिजवलेले फडके रात्रभर गुंडाळून ठेवा. सकाळी सैल झालेला थर लाकडी पट्टीने खरवडता येतो. (पोलादी पटाशीचा मोह टाळा. जोडाच्या पृष्ठावर ओरखडा पडला, तर तेल पुन्हा गळणार!)

“कॉस्टिक सोडा का नको?” असे कोणी विचारील. आधी पेटीला लोहचुंबक लावा. चिकटला, तर ती बिडाची. न चिकटल्यास बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, आणि तिथे हा सोडा घातक. तो प्रथम धातूवरचे ऑक्साइडचे कवच विरघळवतो, मग खुद्द ॲल्युमिनियम खाऊ लागतो. सोडियम ॲल्युमिनेट बनते, द्रावण तापते आणि ज्वालाग्राही हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. शिंतोडा डोळ्यात गेला, तर दृष्टीही जाऊ शकते.

पेट्रोलही नको. शून्याखाली ४० अंश सेल्सिअसच्या सुमारासही त्याची वाफ ठिणगीने पेटते. रॉकेलला त्यासाठी साधारण ३८ अंशांच्या वर तापावे लागते. तेव्हा आपल्याकडच्या मे महिन्यातल्या भर दुपारी रॉकेलचे कामही नको, आणि विस्तव तर कधीच जवळ नको.

उरलेल्या चिकट थरावर रॉकेल आणि साबण एकत्र घासले, की पाण्याबरोबर त्याचे दुधाळ पायस होऊन वाहून जाते. मात्र पाणी ओतण्यापूर्वी सगळी छिद्रे बुचांनी बंद करा. आतल्या तेलात पाणी गेले, तर दंतचक्रे आणि बेअरिंगे गंजतात.

पेटीच्या माथ्याजवळ एक बारीक श्वासछिद्र असते. धुऊन झाल्यावर ते आठवणीने मोकळे करा. ते बुजले, तर आतली तापलेली हवा कोंडते आणि तेल सीलमधून बाहेर ढकलते. म्हणजे किटणच नव्या किटणाची सोय करते!

खरवडताना निथळलेले रॉकेल गटारात ओतू नका. डब्यात भरून झाकून ठेवा. गाळ खाली बसला, की वरचे रॉकेल पुढच्या पहिल्या धुण्याला चालते.